पुडीतल्या गोळीचं नाव

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी आईला तपासता तपासता विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?" आम्हाला कुणालाच सांगता येईना. गुडघ्यांसाठी आमच्या भागातले एक डॉक्टर पुड्या बांधून द्यायचे. दोन वेळा पांढरी गोळी, रात्री एक बारीक. ना चिठ्ठी, ना नाव.

आईला शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं, म्हणजे पोटात रक्तस्राव होत होता. हिमोग्लोबिन 6.4. रक्त चढवलं, एंडोस्कोपीत जठरातला अल्सर सापडला. पोटात मात्र तिला कधीच दुखलं नव्हतं. वयस्कर माणसांत असं होतं म्हणे. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "त्या बारीक गोळीत स्टेरॉईड असेल तर ते एकदम बंद करून चालणार नाही. नाव आणा."

मी दवाखान्यात गेले. कंपाउंडर म्हणाला, संध्याकाळी या. संध्याकाळी नंबर लावून बसवलं. आत गेल्यावर उत्तर मिळालं, "साधी दुखण्याची गोळी आहे, घाबरू नका." नाव लिहून द्या म्हटलं, तर "पेशंटला घेऊन या." पेशंट आयसीयूत होता! मी खुर्चीवरून उठले नाही. बाहेरचे लोक कुरकुरायला लागले, तरी नाही. शेवटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावून तो यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी विचारल्यावर एका मिनिटात नावं निघाली: डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड. हेच मला सांगायला काय हरकत होती? माझा संताप अजून गेलेला नाही.

आई घरी आली आहे, सावरते आहे. घरात कुणी वयस्कर असेल तर पुडी घेताना नाव लिहूनच घ्या. अल्सर अशा दुखण्याच्या गोळीनेही होतो; "जेवणानंतर घेतली की काही होत नाही" हे खरं नाही. त्याच औषधाच्या इंजेक्शननेही अल्सर होऊ शकतो. बीपीच्या गोळीवर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही दोन्ही नावं असतील, तर त्यात डायक्लोफेनॅकची भर पडली की किडनीवर ताण येतो. आईची तीच गोळी होती. शिवाय हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन 75, त्याने रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण घरी अंदाज बांधत बसू नका.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात: 1800-180-3024, टोल फ्री. आईची मी केली.