तुम्ही विचारलंत म्हणून: भीती नाही वाटत?

"टीचर, एवढ्याशा पोरांना बाहेर कशाला नेता? भीती नाही वाटत?" दर पालकसभेला कुणीतरी विचारतंच. मी बडोद्यात तिसरीला शिकवते. वर्गात 38 मुलं, निम्म्यांच्या घरी मराठी, मैदानावर मात्र सगळी गुजराती. एरवी मी हसून वेळ मारून नेते. आज सांगते.

वाटते. 18 जानेवारी 2024 ला इथल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस हजेरी घेताना नाव पुकारलं की मी मान वर करून तो चेहरा बघून घ्यायची. पाण्यावर मी मुलांना नेत नाही, नेणारही नाही. पण कमाटीबाग सोडायची माझी तयारी नाही.

पाटीवर सयाजीबाग, आमच्या तोंडी कमाटीबागच. सयाजीरावांनी 1879 साली गावाला दिलेली. तिथल्या एका वडाचा घेर मोजायला मी पोरांना नेते. हातात हात धरून खोडाभोवती उभं राहायचं. पहिल्या गटाला 11 जण लागले, दुसऱ्याचं 9 जणांत भागलं. लगेच भांडण. "बेन, त्यांनी उंच पोरं घेतली!" मग सुतळी आली. दर हातावर गाठ, पण हात कुणाचा? मोठ्या वादानंतर वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीचा ठरला, कारण तिच्यावर कुणी चिडत नाही. मीटर का लागतो, हे फळ्यावर समजावताना माझे दोन तास जातात आणि तरी निम्मी पोरं जांभया देतात. शिवाय खोडाला चिकटलेली पारंबी धरायची की सोडायची, हा प्रश्न होताच. काही जण तिला गुजरातीत वडवाई म्हणत होते, त्यावरून आणखी एक भांडण. मी मधे पडले नाही.

बागेतल्या पुलावरून विश्वामित्री नदीत मगर दिसली तर त्या दिवशी पुढचं सगळं रद्द. मगर तासन् तास हलत नाही आणि पोरंही हलत नाहीत.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. एका वर्षी परत निघताना मोजले तर 37. चार मिनिटं मला पाय आहेत की नाहीत कळेना. पठ्ठ्या वडामागे उकिडवा बसून मुंगळ्यांची रांग बघत होता. चूक माझीच; लांबून डोकी मोजत होते. तेव्हापासून प्रत्येकाला जोडीदार. शिट्टी झाली की त्याचा हात हातात हवा. ज्याचा हात रिकामा, तो स्वतःच ओरडतो.

ही शिट्टी ऐकायची सवय कुठून आली, तर खो-खोतून. म्हणून खेळाचा तास गणिताला द्या म्हणणाऱ्यांशी मी भांडते. फक्कीच्या रेषेवर आठ जण आलटून पालटून उलट तोंडांनी बसलेत, पळणारा अगदी नाकासमोरून गेला तरी पाठीवर थाप आणि कानावर "खो" पडल्याशिवाय उठायचं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी हे फार अवघड असतं. जूनमध्ये सगळेच आधी उठतात. दिवाळीपर्यंत बसून राहायला शिकतात, दात-ओठ खात. माझे आजोबा इथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे. खांबावर चढण्याआधी उभं राहायला शिकावं लागतं, म्हणायचे. तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटायचं.

गाठींची सुतळी वर्गाच्या कपाटात आहे. मधल्या सुट्टीत पोरं ती काढतात. माझं टेबल, पाण्याची टाकी, मुख्याध्यापकांची स्कूटर मोजून झाली. शिपाईकाकांचं पोट सव्वा हात भरलं; ते म्हणतात, सुतळी ओली होती.