ए प्लस परीक्षेसाठी पुस्तक निवडताना

आमच्या विभागात नव्याने रुजू झालेल्या एका मुलाने गेल्या आठवड्यात मला विचारले, "सर, ए प्लससाठी कोणते पुस्तक घेऊ?" तो आयटीआय करून आला आहे, त्याचा हात स्वच्छ आहे, आणि बिघडलेल्या यंत्रापुढे तो गडबडत नाही. कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेची ए प्लस ही संगणक दुरुस्तीच्या कामाची दोन पेपरांची परीक्षा दिली तर पुढची नोकरी मिळवणे सोपे जाईल, असे त्याला वाटते आणि ते बरोबरच आहे. मी त्याला लगेच एखादे नाव सांगू शकलो असतो. परंतु हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा मी चुकीचे पुस्तक घेतले होते आणि त्यात दोन महिने गेले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एका दुकानातून ए प्लसचे एक जाडजूड पुस्तक निम्म्या किमतीत घेतले. पुस्तक उत्तम स्थितीत होते आणि लेखकाची भाषाही सोपी होती. रोज रात्री जेवणानंतर दीड तास याप्रमाणे मी ते जवळजवळ संपवले आणि मग परीक्षेचे व्हाउचर, म्हणजे शुल्क भरून मिळणारा कोड, घ्यायला बसलो. तेव्हा लक्षात आले की ते पुस्तक 220-1001 आणि 220-1002 या परीक्षांचे होते, आणि त्या दोन्ही परीक्षा ऑक्टोबर 2022 मध्येच बंद झाल्या होत्या. चालू परीक्षा होत्या 220-1101 आणि 220-1102. माझ्या पुस्तकात विंडोज 7 आणि 8.1 वर पानेच्या पाने खर्ची पडली होती, आणि नव्या परीक्षेत ज्यावर प्रश्न येणार होते त्या विंडोज 11 चा त्यात उल्लेखही नव्हता. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण परीक्षेचा क्रमांक मुखपृष्ठावर ठळक छापलेला होता आणि तो मी पाहिला नव्हता.

त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे क्रमांक. सध्याची जोडी 220-1201 आणि 220-1202 अशी आहे. ती 25 मार्च 2025 रोजी सुरू झाली आणि आधीची 1101-1102 ही जोडी त्याच वर्षी 25 सप्टेंबरला बंद झाली. साधारण तीन वर्षांनी हा बदल होतो आणि मध्ये काही महिने दोन्ही जोड्या चालू असतात. प्रमाणपत्रासाठी दोन्ही पेपर एकाच जोडीतले लागतात. एक जुना आणि एक नवा चालत नाही. बदलाच्या काळात पुस्तक घेणाऱ्याने दोन्ही पेपर कोणत्या महिन्यात देणार हे आधी ठरवावे आणि मगच दुकानात जावे.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पैसे पडत नाहीत. कॉम्पटिया प्रत्येक पेपरचा तपशीलवार अभ्यासक्रम, ज्याला सगळे ऑब्जेक्टिव्हज म्हणतात, आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. तो छापून घ्यावा आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवून वाचावा. त्यात प्रत्येक विभागाला किती टक्के गुण आहेत ते दिलेले असते. नव्या पहिल्या पेपरात हार्डवेअरला 25 टक्के आणि हार्डवेअर व नेटवर्कमधील बिघाड शोधण्याला 28 टक्के आहेत, म्हणजे निम्म्याहून अधिक पेपर या दोन विभागांतच आहे. एखाद्या पुस्तकात संगणकाच्या इतिहासाला चाळीस पाने आणि बिघाडशोधनाला तीस पाने दिलेली असतील, तर ते पुस्तक वाचनीय असले तरी या परीक्षेसाठी उपयोगाचे नाही. ऑब्जेक्टिव्हजमधील प्रत्येक मुद्दा कोणत्या शब्दांनी सुरू होतो हेही पाहावे. जिथे 'एक्सप्लेन' असते तिथे समजून घेणे पुरते. जिथे 'गिव्हन अ सिनेरिओ' असते तिथे प्रसंग देऊन त्यातून मार्ग काढायला सांगितलेले असते, आणि ती तयारी व्याख्या पाठ करून होत नाही.

पुस्तक कसे आहे हे ओळखायला माझी स्वतःची एक पद्धत आहे. ज्या विषयात आपला हात बसलेला आहे तो विषय त्या पुस्तकात आधी उघडावा. अनोळखी प्रकरण वाचले तर प्रत्येक पुस्तक विद्वान वाटते. मी अनेक वर्षे लेझर प्रिंटर उघडत आलो आहे, त्यामुळे मी नेहमी तेच पान काढतो. प्रक्रियेचे सात टप्पे, म्हणजे प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्सपोझिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूझिंग आणि क्लीनिंग, प्रत्येक पुस्तकात ओळीने दिलेले असतात. प्रश्न असा असतो की पुढे काय? कागद बाहेर आला, त्यावर बोट फिरवले आणि अक्षरे पुसली गेली, तर टोनर, म्हणजे शाईची भुकटी, कागदावर वितळून बसलेला नाही, म्हणून फ्यूझरकडे पाहा, असे पुस्तकाने तिथल्या तिथे सांगितले पाहिजे. तोच ठिपका ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा उमटत असेल, तर ड्रमसारखा एखादा फिरणारा भाग खराब आहे, हेही सांगितले पाहिजे. टप्पा आणि लक्षण यांची गाठ घालून देणारा लेखक या कामातून गेलेला असतो. फक्त सात शब्द देऊन पुढच्या प्रकरणाकडे वळणाऱ्या पुस्तकावर पैसे घालू नयेत.

अशीच कसोटी विंडोजच्या आवृत्त्यांवर लावता येते. विद्यार्थी घरच्या लॅपटॉपवर बसतो, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे जीपीएडिट डॉट एमएससी टाइप करतो आणि काहीच उघडत नाही. घरच्या लॅपटॉपवर बहुधा होम आवृत्ती असते आणि तिच्यात या सूचनेने उघडणारा ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे विंडोजचे नियम ठरवण्याचे साधन, मिळत नाही. तिला डोमेनला, म्हणजे कार्यालयाच्या एकत्र नियंत्रणाखालच्या नेटवर्कला, जोडताही येत नाही आणि दुसऱ्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपने तिच्यात शिरताही येत नाही. हा फरक परीक्षेत विचारला जातो. चांगले पुस्तक तो सूचनेच्या आधीच सांगते, म्हणजे नवखा विद्यार्थी आपलेच काहीतरी चुकले असे समजून अर्धी रात्र घालवत नाही.

आपल्याकडे काम शिकलेल्यांना आणखी एक अडचण येते आणि तिचा विचार ही पुस्तके करत नाहीत, कारण ती अमेरिकेतल्या वाचकासाठी लिहिलेली असतात. संगणकाला वीज पुरवणाऱ्या ज्या भागाला आपण एसएमपीएस म्हणतो त्याला तिथे पीएसयू म्हणतात. सीपीयू म्हणजे खरे तर आतला प्रोसेसर, पण आपले ग्राहक सगळ्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात, आणि 'सीपीयू चालू होत नाही' हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की आपणही तसेच बोलू लागतो. 'फॉरमॅट मारणे', म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवणे, हे तिथले क्लीन इन्स्टॉल. याहून अवघड प्रश्न हातांच्या सवयींचा आहे. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासून पुन्हा बसवणे ही आपल्या प्रत्येक दुकानातली पहिली युक्ती आहे आणि तिने यंत्र सुरू झालेले मी शेकडो वेळा पाहिले आहे. परीक्षेत मात्र वीज बंद करा, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावा, मॉड्यूल काढून नीट बसवा, मग चांगले मॉड्यूल लावून पाहा, या शिस्तीला गुण मिळतात. म्हणून प्रत्येक पायरीचे कारण सांगणारे पुस्तक निवडावे. कारण पटले की जुनी सवय सुटते. केवळ 'असे करा' असा हुकूम दिला तर परीक्षागृहात हात पुन्हा खोडरबराकडेच जातो.

सराव प्रश्नांविषयी थोडेसे. पेपरात जास्तीत जास्त 90 प्रश्न असतात आणि वेळ 90 मिनिटांचा. गुण 100 ते 900 या पट्टीवर मिळतात, उत्तीर्ण होण्यासाठी पहिल्या पेपरात 675 आणि दुसऱ्यात 700 लागतात. अनेक प्रश्नांत चारही पर्याय काही अंशी बरोबर वाटतात आणि सगळा निकाल 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'बेस्ट' अशा एका शब्दावर अवलंबून असतो. ही परीक्षा मराठीत देता येत नाही, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण इथेच जातात. संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता 169.254 ने सुरू होतो आहे, तंत्रज्ञाने आधी काय करावे, असा प्रश्न असेल, तर असे पत्ते वाटून देणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत संपर्कच झालेला नाही एवढे कळून भागत नाही. केबल, स्विच, सर्व्हर यांपैकी आधी काय तपासायचे हेही ठरवावे लागते. ज्या पुस्तकात शेवटी नुसते '१-ब, २-ड' असे छापलेले असते ते बाजूला ठेवावे. बाकीचे तीन पर्याय का चुकले ते प्रत्येकी एका ओळीत तरी सांगणारे पुस्तक घ्यावे.

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर 'खरे प्रश्न' म्हणून फिरणाऱ्या पीडीएफ फायलींना हात लावू नये. कॉम्पटियाच्या नियमांत त्यांना बंदी आहे आणि त्यांच्या आधारे मिळवलेले प्रमाणपत्र रद्दही होऊ शकते. शिवाय दोन व्हाउचरना पुस्तकाच्या कितीतरी पट पैसे पडतात. ते असे पणाला लावण्यात शहाणपण नाही.

हे सगळे मी त्या मुलाला जेवणाच्या सुट्टीत सांगितले आणि ऑब्जेक्टिव्हजचे छापील कागद त्याच्या हातात दिले. शनिवारी तो चौकात जाऊन तीन पुस्तके चाळून आला आणि त्यांतले सर्वांत जाड नसलेले पुस्तक त्याने घेतले. सोमवारी त्याने ते मला दाखवले. कागदांवर प्रत्येक मुद्द्यापुढे पेन्सिलने पानाचा क्रमांक लिहिलेला होता, आणि लॅपटॉपचे भाग बदलण्याच्या मुद्द्यापुढे त्याने लिहिले होते, "चित्र स्पष्ट नाही, सरांना विचारणे". भंगारात काढलेले दोन लॅपटॉप आमच्या कपाटात आहेत. येत्या शनिवारी त्यांतला एक आम्ही दोघे मिळून उघडणार आहोत.