तालुका न्यायालयातली नोकरी : बोर्ड, बदल्या आणि घर

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग ही दोन्ही कामं तालुक्याच्या गावी बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. एका दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीला लागलेल्या प्रकरणांची यादी, साधारण अशी : सकाळी बांधाच्या दाव्यात मनाई हुकमाचा अर्ज, दुपारी रिमांड (अटक केलेल्याला कोठडी द्यायची का, हे ठरवणं), मध्येच चेक न वटल्याचा खटला आणि उठता उठता अंतरिम पोटगीवर युक्तिवाद. माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायपालिकेत झाली, त्यातली बरीच वर्षं तालुक्यात. या नोकरीत येऊ पाहणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कामाला येईल तेवढंच लिहिते आहे. इथे कायदा न समजल्यामुळे फार थोडं बिघडतं. जास्त बिघडतं ते रोजनामा (प्रकरणात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद), तारीख आणि नोंद यांत हयगय झाल्यामुळे.

परीक्षेबद्दल थोडक्यात. ती महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो : १०० गुणांची पूर्वपरीक्षा, १०० गुणांच्या दोन मुख्य लेखी परीक्षा, ५० गुणांची मुलाखत. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली, आणि ते चांगलं झालं. वकिलाच्या बाजूने उभं राहून तारखा घेतल्याशिवाय कोणती मुदत खरी आणि कोणती वेळकाढूपणाची, हे ओळखता येत नाही. निवडीनंतर भाईंदरजवळ उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण होतं. तिथे निकालपत्राच्या सरावाइतकंच लक्ष नाझर (पैसे आणि समन्स बजावणीचं काम पाहणारा), शिरस्तेदार (कार्यालयाचा प्रमुख कर्मचारी) आणि बेलिफ (समन्स बजावणारा, ताबा देणारा) यांच्या नोंदवह्यांवर द्यावं. पुढे कनिष्ठ कर्मचारी चुकला तर उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं.

नव्या ठिकाणी हजर झाल्यावर मी आधी तीन याद्या मागवत असे : कच्चे कैदी असलेले खटले, दहा वर्षांहून जुनी प्रकरणं, आणि वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती असलेली प्रकरणं. तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक स्थगितीची आजची स्थिती ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तपासून घ्यायची. स्थगिती कधीच उठलेली असते आणि फाइल कपाटात तशीच पडून असते, हे सर्रास घडतं. त्यानंतर मुद्देमालाची नोंदवही प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहायची. कार्यभार घेताना जे कमी आढळलं ते त्याच वेळी लेखी कळवलं नाही, तर ते आपल्या काळात गेलं असं धरलं जातं.

रिमांड हे सगळ्यांत घाईचं काम, म्हणून तिथेच घाई करायची नाही. अटकेची वेळ आणि हजर करण्याची वेळ स्वतः पाहायची. प्रवासाचा वेळ वगळून २४ तास. मग अटकेची कारणं आरोपीला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली का, हे पाहायचं. ६ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती, याची पोलिसांची तपासणी सूची जोडलेली हवी. ती न वाचता कोठडी दिली तर न्यायदंडाधिकाऱ्यावरही विभागीय कारवाई होऊ शकते, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात स्पष्ट सांगितलेलं आहे. आरोपीला मारहाणीबद्दल विचारायचं ते पोलिसांना दालनाबाहेर पाठवून, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत रोजनाम्यात घ्यायचं. दोषारोपपत्र दाखल करण्याच्या मुदतीचे ६० किंवा ९० दिवस पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजतात. ही तारीख मी पहिल्याच दिवशी फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहून ठेवत असे. मुदत संपल्यावर आरोपीने अर्ज दिला की जामीन हा त्याचा हक्क आहे. त्या दिवशी संध्याकाळी धावत आलेल्या दोषारोपपत्राने तो जात नाही.

कबुलीजबाबासाठी आणलेल्या माणसाला लगेच बोलतं करू नये. तो किती दिवस कोणाच्या ताब्यात होता ते विचारावं, कबुली देण्याचं बंधन नाही आणि दिली तर ती त्याच्याविरुद्ध वापरली जाईल हे सांगावं. विचाराला साधारण २४ तास द्यावेत, तेही न्यायालयीन कोठडीत. दुसऱ्या दिवशी तो नको म्हणाला, तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. खालचं प्रमाणपत्र छापील असलं तरी प्रश्नोत्तरं हाताने आणि पूर्ण लिहावीत. सत्र न्यायालयात उलटतपास त्यावरच होतो.

चेकच्या खटल्यांत एक खड्डा आहे. खटला संक्षिप्त, म्हणजे पुराव्याचा फक्त सारांश नोंदवण्याच्या, पद्धतीने चालवला आणि मध्येच बदली झाली, तर पुढच्या न्यायाधीशाला आधीच्या पुराव्यावर निकाल देता येत नाही, सगळं पहिल्यापासून. म्हणून समन्स खटल्याच्या (त्याहून सविस्तर) पद्धतीने चालवायचं ठरवलं असेल, तर तसा कारणांसह आदेश सुरुवातीलाच करून रोजनाम्यात घ्यावा. एका ओळीचा आळस फिर्यादीला दोन-तीन वर्षांना पडतो.

दिवाणी कामात तालुक्याचा खरा भार बांध आणि वाटपाचा. अतिक्रमणाच्या दाव्यात वादीने स्वतःच्या गटाची आणलेली खासगी मोजणी जवळपास निरुपयोगी असते. दोन्ही बाजूंच्या गटांची एकत्र मोजणी हवी, दोघांना नोटीस देऊन, भूमी अभिलेखच्या मोजणीदाराकडून, मूळ टिपण (जुन्या मोजणीची नोंद) आणि गटाच्या नकाशाच्या आधारे. न्यायालयीन आयुक्त (जागेवर जाऊन न्यायालयाला अहवाल देणारा) नेमताना आदेशात हे सगळं लिहावं, शिवाय अतिक्रमित पट्टा वेगळ्या रंगाने व अ-ब-क-ड अक्षरांनी दाखवावा आणि क्षेत्र आरमध्ये द्यावं असंही लिहावं. नुसतं ‘मोजणी करून अहवाल द्यावा’ असं लिहिलं की नकाशावर एक रेघ येते. त्यावर हुकूमनामा होतो, आणि दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, बेलिफ शेतात उभा राहून विचारतो, ताबा नेमका कुठून कुठपर्यंत द्यायचा? वादी दावा जिंकलेला असतो, पण जमीन त्याला मिळत नाही. वाटपातही तेच. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं; आपल्याला हिस्से ठरवायचे असतात. ते अपूर्णांकात, गटनिहाय, चतुःसीमांसह लिहिले नाहीत तर कागद महसूल खात्याकडून परत येतो.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तशी अधिसूचना १९९८ ची. निकाल मराठीत लिहिला की हरलेला पक्षकारही तो घरी नेऊन वाचतो, आणि का हरलो हे त्याला कळतं. माझ्या दृष्टीने याहून मोठं काम नाही. वाक्यं लहान ठेवली की छापील साच्यातली मराठी आपोआप सुटते.

आता बदल्या. साधारण तीन वर्षांनी बदली होते. वार्षिक बदल्यांचे आदेश एप्रिलमध्ये निघतात आणि उन्हाळी सुट्टीनंतर जूनच्या सुरुवातीला नव्या जागी हजर व्हावं लागतं. बदलीचं वर्ष असेल तर मार्चनंतर नवे अंतिम युक्तिवाद फार ऐकू नयेत. दिवाणी निकाल युक्तिवादानंतर ३० दिवसांत, अपवादाने ६० दिवसांत द्यायचा असतो. न देता गेलो तर पक्षकाराला सगळा युक्तिवाद पुन्हा मांडावा लागतो आणि आपल्या गोपनीय अहवालात त्याची नोंद होते.

घराच्या बाजूने हेच वेळापत्रक जड जातं. शाळांचे प्रवेश आधीच संपलेले, सरकारी निवासस्थान रिकामं व्हायचं असतं, जोडीदाराची नोकरी तिसऱ्याच गावी. मुलाची दहावी-बारावी असेल तर एक वर्ष मुदतवाढीची विनंती प्रधान जिल्हा न्यायाधीशांमार्फत, शाळेच्या दाखल्यासह, वेळेत करावी. आदेश निघाल्यावर केलेल्या विनंतीला फारसं वजन राहत नाही. मुलांसाठी पहिलीपासून एकच शालेय शिक्षण मंडळ ठरवावं, म्हणजे गाव बदललं तरी पुस्तकं तीच राहतात.

गावात ओळख सगळ्यांशी असते, येणं-जाणं फार थोड्यांकडे. वकील संघाच्या जाहीर कार्यक्रमाला जावं. आपल्यापुढे उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या घरच्या जेवणाला जाऊ नये. दारावर आलेली मिठाई, भाजी, आंब्याची पेटी घरातल्या कोणीही घ्यायची नाही, हे मुलांना कळत्या वयापासून सांगावं लागतं. किराणा स्वतः पैसे देऊन घ्यावा, बिलं ठेवावीत. मालमत्ता व दायित्वांचं वार्षिक विवरणपत्र भरताना ती लागतात, आणि निनावी तक्रार आली तर तीच उपयोगी पडतात. मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, सोडायला परवानगी लागते, रविवारीसुद्धा, शिवाय रिमांडची पाळी असतेच. नातेवाइकांची लग्नं चुकतात आणि त्यांना वाटतं आपण मोठे झालो. हा एकटेपणा खरा आहे आणि तो न्यायाधीशापेक्षा घरच्यांना जास्त सोसावा लागतो. न्यायाधीशाला निदान दिवसभर काम असतं. म्हणून जोडीदाराला गावात स्वतःचं काहीतरी असावं, वाचनालय, गाण्याचा वर्ग, काहीही, ज्याचा कोर्टाशी संबंध नाही.

पगाराची तक्रार आता कोणी करू नये. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर कनिष्ठ स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतन १ जानेवारी २०१६ पासून ७७,८४० रुपये झालं आहे.

निवृत्ती साठाव्या वर्षी, पण ५८ च्या आधी सेवेचं मूल्यमापन होतं. निवृत्तिवेतन अडतं ते बहुतेकदा सेवापुस्तकामुळे : एखाद्या बदलीत अंतिम वेतन प्रमाणपत्र (आधीच्या ठिकाणी शेवटी किती वेतन दिलं त्याचा दाखला) पोचलेलं नसतं, रजेचा हिशेब जुळत नाही, वारसाचं नामनिर्देशन लग्नाआधीचं असतं, एखाद्या वर्षाची सेवा पडताळणी राहिलेली असते. प्रत्येक बदलीच्या वेळी सेवापुस्तक स्वतः उघडून पाहावं, प्रत करून घरी ठेवावी, आणि शेवटच्या दोन वर्षांत ज्या जुन्या जिल्ह्यातली नोंद कमी आहे तिथे पत्र पाठवून ती भरून घ्यावी. तिथला संबंधित लिपिक निवृत्त झाला असेल, तर त्या काळातल्या वेतनपत्रकांवरून पडताळणी करून मागता येते. त्यासाठी हजर झाल्याचा आणि कार्यमुक्त झाल्याचा प्रत्येक आदेश आपल्याजवळ असायला हवा.