ग्रुपला कोणाला बोलवायचं?

पुण्यात मार्केट रिसर्चच्या ग्रुपसाठी, म्हणजे एखाद्या वस्तूवर चर्चा करायला एकत्र बसवलेल्या गटासाठी, माणसं जमवणं हे माझं काम. साबण, चहा, विमा, मुलांचे क्लास, विषय सारखे बदलतात. प्रश्न मॉडरेटर विचारते, पण तिच्यासमोर कोणत्या सहा-आठ जणी बसणार हे आम्ही रिक्रूटर ठरवतो. त्या चुकीच्या आल्या तर कितीही हुशार मॉडरेटर असली तरी काही उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्क्रीनर, म्हणजे माणसं निवडायची प्रश्नावली, हातात घेऊन दार वाजवलं की सुरुवातीचे प्रश्न गाळण्यासाठीच असतात. घरात कोणी जाहिरात, मार्केट रिसर्च किंवा त्याच वस्तूच्या धंद्यात आहे का? गेल्या सहा महिन्यांत अशा ग्रुपला बसलात का? मग येतं एनसीसीएस, म्हणजे ग्राहकांच्या घरांचं वर्गीकरण. 2011 मध्ये आलेली ही पद्धत: घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि ठरलेल्या 11 गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून घराचा वर्ग काढतात. त्यात पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, एसी आहे, तशी शेतजमीनही आहे. शहरात जमिनीचा प्रश्न बरेच रिक्रूटर न विचारताच ‘नाही’ लिहून टाकतात. हडपसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या ताईसुद्धा आधी नाहीच म्हणतात. ‘गावाकडे?’ म्हटलं की सगळं निघतं. जमीन कोणाच्या नावावर, घर एकत्र की वेगळं, ते मी जसंच्या तसं लिहून ऑफिसला कळवते.

मला खरी काळजी असते ती नेहमीच्या बायकांची. दोन दिवसांत ग्रुप भरून द्या म्हटलं की रिक्रूटर फोनमधली जुनी यादी काढतो. त्या यादीतल्या बायकांना स्क्रीनर पाठ असतो. कुठे ‘हो’ म्हणायचं ते त्यांना बरोबर कळतं. म्हणून मी ‘अमुक पावडर वापरता का’ असं विचारतच नाही. शेवटचा पुडा कधी आणला, कुठून, केवढ्याचा, असं विचारते, आणि दाखवता का म्हणते. रबर लावून ठेवलेला अर्धा पुडा समोर आला की माझी खात्री पटते. 1946 मध्ये रॉबर्ट मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी ‘फोकस्ड इंटरव्ह्यू’ या मुलाखतपद्धतीवर लेख लिहिला. त्यात पहिली अट हीच होती, की समोरचा माणूस त्या अनुभवातून स्वतः गेलेला हवा.

एका भिशीतल्या दोघी मी कधीच घेत नाही. एकीने सांगितलं की दुसरी मान डोलावते. चोविशीतली सून आणि पन्नाशीच्या काकू एकाच ग्रुपमध्ये बसवल्या तर सून गप्प होते. तिला घरातली सवयच तशी असते. क्लायंटला ‘बोलकी’ बाई हवी असते. मला वाटतं, भरभर बोलण्यापेक्षा कारण सांगता येणं महत्त्वाचं. घरातली कोणती जुनी वस्तू टाकवत नाही, असं मी विचारते. जी थोडं थांबून कारण सांगते, तिला मी घेते.

मात्र तिला घराबाहेर काढणं सोपं नसतं. सासूबाई विचारतात, ‘कुठं नेताय?’ विचारणारच! मी पत्ता देते, मॉडरेटर बाई आहे हे सांगते, किती वेळ लागेल, किती पैसे मिळतील, रिक्षाभाडं कोण देणार, सगळं दारातच सांगते. रेकॉर्डिंग होणार हेही तिथेच सांगते, कारण खोलीत बसल्यावर ‘नको’ म्हणायला तिला संकोच वाटतो.

आता धायरीतलं काम आलं आहे. घरात वॉशिंग मशीन असूनही रोजचे कपडे हाताने धुणाऱ्या बायका हव्या आहेत. अशा बायका यादीत सापडत नाहीत. एजन्सीकडून मी आठवड्याची मुदत मागून घेतली आहे. शाळेची व्हॅन यायच्या आत, दुपारच्या वेळात एकेक इमारत फिरायची आहे, आणि आधी बघायचं आहे ते गॅलरीतल्या दोरीकडे.