तुम्ही विचारलंत म्हणून: पोलो किती खाली घ्यावी?

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय हातात आली की प्रश्न ठरलेला असतो: गाडी जरा खाली बसवायची आहे, कुठल्या स्प्रिंग टाकू? आणि त्याला जोडून दुसरा: शॉकअप पण बदलावेच लागतात का? चाकणला बनलेली ही गाडी 2022 पासून नवी मिळत नाही. आता ज्या विकल्या-घेतल्या जातात त्यांचे मूळ शॉकअप बऱ्यापैकी दमलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर शॉकअप बदला आणि स्प्रिंग कंपनीच्याच राहू द्या. घाटात वळणाच्या मधोमध खड्डा लागला की गाडीची रेघ सुटते, एक्सप्रेसवेवर उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा बसून थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा डोलते. ही लक्षणं उंचीची नाहीत, थकलेल्या शॉकअपची आहेत. दमलेल्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंग चढवल्या तर हेच आजार बळावतात. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत फेकते, ती जिरवायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली तर तिला पूर्वीइतकंच ताब्यात ठेवायला डँपिंग (डोलणं जिरवण्याची ताकद) सुमारे 14 टक्के जास्त लागतं, कारण ही गरज कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. नव्याकोऱ्या मूळ शॉकअपमध्ये एवढी गुंजाइश कदाचित निघेल. वापरलेल्यात निघत नाही.

आता उंची. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघून उंची ठरवू नका. बघायची ती शॉकअपच्या दांड्यावर उरणारी चाल, म्हणजे गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या अंगाच्या वरच्या टोकापासून बंप स्टॉपच्या (दांड्यावरच्या फोमच्या अडथळ्याच्या) खालच्या टोकापर्यंतचं अंतर. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकामागून धूळ-कव्हर वर सरकवलं की ते दिसतं आणि मोजता येतं. समजा ते 60 मिमी भरलं आणि तुम्ही गाडी 40 मिमी खाली घेतली, तर उरले 20. स्प्रिंग थोडी कडक झाली म्हणून चाल थोडी कमी वापरली जाईल, पण एक तृतीयांशावर येणार नाही. मग प्रत्येक मध्यम खड्ड्याला गाडी स्प्रिंगवर न चालता बंप स्टॉपवर आपटत चालते. लोक त्याला 'स्प्रिंग फार हार्ड आहेत' म्हणतात. बहुतेक वेळा स्प्रिंग हार्ड नसतात, त्यांना काम करायला जागाच उरलेली नसते.

काही खरेदी करण्याआधी एक चाचणी करा. दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बसवा, ती खाली शॉकअपच्या अंगाला टेकवून ठेवा, कव्हर परत लावा आणि रोजच्या रस्त्यावर रोजच्यासारखी गाडी चालवा. शॉकअप दबला की टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. टाय आणि बंप स्टॉप यांच्यात जेवढी जागा शिल्लक दिसेल तेवढीच तुमच्या हातात आहे. बहुतेकांना ती अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसते. बिलस्टाइन या शॉकअप कंपनीचे पुढचे स्ट्रट (चाक धरून ठेवणारे शॉकअप) उलटे बसवलेले असल्यामुळे त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही, म्हणून मूळ स्ट्रट गाडीत असतानाच हे उरकून घ्या.

बंप स्टॉप कापून चाल वाढवायची का? स्प्रिंगच्या सूचनापत्रात किती मिमी कापा ते लिहिलं असेल तर तेवढाच, नसेल तर हात लावू नका. तो फोमचा तुकडा म्हणजे शेवटच्या टप्प्यातली वाढत्या कडकपणाची स्प्रिंग आहे. तो काढून टाकला की धक्का सरळ वरच्या माउंटिंगला आणि शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हला बसतो.

'खाली गाडी म्हणजे कमी रोल', म्हणजे वळणात कमी कलणं, ही समजूत अर्धीच खरी. गुरुत्वमध्य जमिनीपासून 540 मिमीवर धरला आणि गाडी 30 मिमी खाली आणली, तर वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होतं. फायदा आहे, पण लहान. तिकडे पोलोच्या पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी खाली आली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोक तुलनेने वर जातं, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. दोघांतलं अंतर म्हणजे गाडी कलवणारी तरफ, आणि ती लांबते. म्हणून स्प्रिंगचा कडकपणा न वाढवता नुसती उंची कमी केली तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. लोअर आर्म वरच्या दिशेला तिरका झाला की वळणात चाकाला मिळणारा उपयुक्त कॅम्बरही (चाकाचा आतल्या बाजूचा कल) कमी होतो. 50 मिमी खाली घेतलेली पोलो पार्किंगमध्ये छान दिसते आणि ताम्हिणीत पुढून जास्त सरकते, त्याचं कारण हे.

स्प्रिंग किती कडक हवी, यासाठी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलते याचा हिशोब उपयोगी पडतो. अशा छोट्या चपळ हॅचबॅकची मूळ फ्रिक्वेन्सी साधारण 1.3 हर्ट्झ धरा. ती 1.5 वर न्यायला स्प्रिंग 33 टक्के कडक लागते, आणि 2 वर न्यायची तर जवळजवळ 2.4 पट. आपल्या रस्त्यांवर 1.5 च्या वर रोजच्या वापरात सुख नाही. मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा किंचित जास्त हवी, म्हणजे उंचवट्यावर पुढचा भाग आधी हलला तरी मागचा त्याला गाठतो आणि गाडी सी-सॉ न करता सपाट बसते. म्हणून पुढच्या एका कंपनीच्या आणि मागच्या दुसऱ्याच, असली खिचडी करू नका.

स्प्रिंग कापून देतो म्हणणारे गॅरेजवाले अजून भेटतात. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते, हे खरं. पण कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत (सीटमध्ये) नीट बसत नाही, आणि चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल होऊन सरकते. गॅसने तापवून बसवली तर स्टीलचा टेंपरच (कमावलेला चिवटपणा) जातो.

स्प्रिंगच्या डब्यावरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. भारतातल्या पोलोला युरोपातल्या पोलोपेक्षा जास्त ग्राउंड क्लिअरन्स दिलेला होता. आयात केलेल्या संचावरचा '30 मिमी' हा युरोपच्या उंचीवरून मोजलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे गाडी त्याहून जास्त खाली येते. म्हणून 25 ते 30 लिहिलेला संच घ्या. 40 किंवा 45 वाला इथे नकोच. आयबाख या स्प्रिंग कंपनीचा प्रो-किट याच सौम्य वर्गातला आहे, स्पोर्टलाइन त्याच्या पुढची पायरी. संच 6आर (या पिढीच्या पोलोचा कोड) पोलोचाच आहे ना आणि कागदावर पुढच्या ॲक्सलचं कमाल वजन किती दिलंय, ते तपासा. डिझेल इंजिन जड असतं. डिझेलच्या स्प्रिंग पेट्रोल गाडीला घातल्या तर नाक वर राहतं, उलट केलं तर खाली जातं.

मग स्पीडब्रेकरचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 17 मीटर त्रिज्येचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो. पोलोचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आत, म्हणजे पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्यावर चढलेली असतात आणि मधल्या पोटाखाली तो जेमतेम 45 मिमी वर येतो. असा गतिरोधक 130 मिमी क्लिअरन्सच्या गाडीला काहीच करत नाही. त्रास देतो तो सोसायटीच्या दारातला अरुंद, पंधरा सेंमीचा सिमेंटचा उंचवटा. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो. घरी पोहोचायच्या रस्त्यावर असा एकही असेल तर टेप घेऊन मोजा, आणि चार माणसं बसल्यावर गाडी आणखी बसते तेही धरा.

शॉकअप निवडताना लांबी बघायची. बिलस्टाइन बी6 मूळ लांबीचा आहे, बी8 खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. आखूड स्प्रिंगबरोबर बी8. बी12 म्हणून जो संच येतो तो बी8 आणि आयबाखच्या स्प्रिंग एकत्र. हे मोनोट्यूब (एकाच नळीचे) आहेत, गरम होऊन ढिले पडत नाहीत, पण कमी वेगात बारीक खडबडीतपणा जाणवू देतात. कोनी कंपनीच्या पिवळ्या 'स्पोर्ट' शॉकअपमध्ये रिबाउंड (परत लांबतानाचा विरोध) कमी-जास्त करता येतो, कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) नाही. सुरुवात सगळ्यात मऊ बाजूने करा आणि अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नका. रिबाउंड फार वाढवला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू बंप स्टॉपवर बसत जाते. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर इथे माझ्या मते पैशाची नासाडी. एकदा उंची लावली की कोणी बदलत नाही, आणि पावसाळ्यात चिखलाने त्यांचे आटे जाम होतात.

बसवताना पुढची वरची माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ-कव्हर नवीनच घाला. स्ट्रट बाहेर आल्यावर जुनी माउंटिंग परत बसवणं म्हणजे दोन महिन्यांत पुन्हा तेवढीच मजुरी. स्प्रिंग दाबून धरायच्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा आणि स्प्रिंग सीटवरून सुटेपर्यंत वरच्या नटाला हात लावू नका. आवळताना एअर गन नको: दांडा आत गरगर फिरतो आणि सील खराब होतं. टॉर्कनंतर आणखी 90 अंश फिरवायला सांगितलेले बोल्ट एकदाच वापरायचे. मागे बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) खाली सोडताना ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी ताणू देऊ नका.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश-बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच आवळले जातात. मग चाकं जमिनीवर आली की रबर पीळ घेऊनच बसतं. उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. हे बोल्ट हलके लावा, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा.

उंची चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, आधी आणि नंतर, चारही बाजूंना. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आकडा बिघडवते. दोनतीनशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट करा. पोलोत पुढचा टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) लावता येतो, कॅम्बर नाही. टायर आतून घासला की दुकानदार कॅम्बरला दोष देतो, पण कारण बहुधा टो असतो. त्याच भेटीत हेडलाइटचा झोतही तपासून घ्या, कारण पुढून-मागून गाडी सारखी खाली आलेली नसते. आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, पार्टची बिलं जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांबद्दल आहे, आणि अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.