ट्रेबल काढले, सिंगल लावले

गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडूनच द्यायचाय तर त्याला तीन-तीन टोकं कशाला टोचायची, हे डोक्यात आलं तेव्हा एक मासा समोर तडफडत होता, एक टोक जबड्यात, दुसरं डोळ्याखाली आणि तिसरं जाळीत अडकलेलं. पक्कड घेऊन सोडवेपर्यंत बिचारा अर्धमेला झाला.

आता लुअरवरचे (म्हणजे नकली आमिषावरचे) ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ, काढून सिंगल इनलाइन, म्हणजे एकाच टोकाचे गळ लावतो. इनलाइनचं नेढं आडवं वळवलेलं असतं, म्हणून स्प्लिट रिंगमधे (लुअरला गळ अडकवायच्या कडीत) गळ सरळ बसतो, वाकडातिकडा लोंबत नाही. साइज जरा मोठी घ्यायची, कारण वजन कमी झालं की लुअरची चाल बिघडते, तरंगणारा असेल तर आणखीच वर राहतो, त्यामुळे आधी काठाजवळ ओढून बघायचं. मी पुढच्या गळाचं टोक पुढे आणि मागच्याचं वर ठेवतो.

बार्ब, म्हणजे गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा, पकडीने दाबून सपाट करायचा. मासे सुटतात का? लाइन ढिली सोडली तर सुटतात, ट्रेबलवरून पण सुटायचेच की! उलट गळ झटकन निघतो, बऱ्याचदा मासा पाण्याबाहेर काढावाच लागत नाही, आणि उचललाच तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

हो, आणि स्वतःच्या बोटातून बिनबार्बचा गळ काढणं फार सोपं, अनुभव आहे 😅