एककाखाली एकक

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचा हिशेब असो की गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीदारांची यादी, संगणकावर रकाने पाडण्याची आपली सर्वमान्य रीत म्हणजे स्पेसबार दाबत राहणे. ‘गोरे’ लिहायचे, नजरेला पटेल इतक्या स्पेस द्यायच्या आणि रक्कम घालायची. खाली ‘क्षीरसागर’ आले की त्या मानाने स्पेस कमी करायच्या. रकाना जवळजवळ सरळ दिसतो, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच सगळी गोम असते. एखादी रक्कम केसभर डावीकडे राहते, तिला आणखी एक स्पेस दिली की केसभर उजवीकडे जाते, आणि या दोहोंमधली जागा स्पेसबारपाशी नसतेच.

ही सवय बहुधा टंकलेखन यंत्राच्या काळापासून चालत आलेली असावी. तेथे प्रत्येक ठोक्यागणिक गाडी ठरावीक अंतरच सरके (वरखालच्या मात्रांच्या कळा तर तिला हलवतही नसत), त्यामुळे ठोके मोजले की रकाना जमे. संगणकावरच्या बहुतेक फॉन्टमध्ये मात्र ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ ऐसपैस असतो. शिवाय फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फॉन्ट नसला, तर रात्री जागून लावलेली यादी नागमोडी होते. गंमत अशी की एका दाबात पुढच्या ठरलेल्या थांब्यावर नेणारी टॅबची कळही त्या यंत्रावरूनच आलेली आहे. वारसा घेताना आपण नेमकी तीच मागे ठेवली.

वर्डमध्ये ही कळ एरवी दर १.२७ सेंटिमीटरला, म्हणजे अर्ध्या इंचाला, थांबते; पण संपूर्ण यादी निवडून रुलरवर, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या मोजपट्टीवर, क्लिक केले, की थांबा आपल्याला हवा तेथे पडतो आणि पुढे तो सरकवला तर सगळ्या ओळी एकदम सरकतात. रुलरच्या डाव्या टोकाच्या चौकोनातून उजवा टॅब घेतला, तर ५१ आणि ११,००१ यांचे एकक बरोबर एकाखाली एक येतात. रकमेत पैसेही असतील, तर दशांश टॅब बिंदूलाच धरून ठेवतो. व्यापारी चोपडीच्या कोऱ्या पानाला आधी उभ्या घड्या घालून सळ पाडत आणि मगच लिहायला घेत, त्यातला विचार हाच होता: जागा रकान्याची असते, ओळीची नव्हे.

कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबल्या की लपलेल्या खुणा दिसू लागतात. टॅबच्या जागी एक बाण आणि प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका. कोणाची यादी हाती आली की मी आधी हेच करतो, आणि ठिपक्यांची रास दिसली तर बेरीजही एकदा पडताळून पाहतो.

टॅबला एक गोष्ट मात्र झेपत नाही. मधल्या रकान्यातला पत्ता दोन ओळींचा झाला, की दुसरी ओळ बेलाशक पानाच्या डाव्या कडेला जाऊन बसते. तेथे सरळ तक्ता घ्यावा आणि त्याच्या रेघा अदृश्य कराव्यात. सचिवांना त्या रेघा ठळकच हव्या असतात, त्याला इलाज नाही.